काठावरून : पाणी किती, यापेक्षा कधी आणि कुठे

होळी जवळ आली की या सदराकडे येणारी पत्रं वाढतात. ओढे आटतात, विहिरींचे तळ दिसायला लागतात आणि मग सगळ्यांना नदी आठवते. या वेळची पत्रं माणदेशापासून थेट अ‍ॅरिझोनापर्यंतची आहेत. जागेअभावी मजकूर थोडा कमी केला आहे, पत्रांतला राग मात्र तसाच ठेवला आहे.

तीन वर्षांपूर्वी आमच्या ओढ्याचं पोकलेन लावून खोलीकरण झालं. पहिल्या पावसाळ्यात पाणी तुडुंब भरलं, गावाने जलपूजन केलं. आता काठ ढासळताहेत, दोघांचे बांध ओढ्यात गेले आणि पाणी जानेवारीतच संपतं. एक कंपनी बांबूची पाच हजार रोपं फुकट देते म्हणते. लावावीत का? की दुसरी झाडं सुचवाल?
– सरपंच, ता. माण, जि. सातारा

सरपंच, रोपांची गाडी तूर्त वेशीबाहेरच थांबवा. आधी काठ, मग झाड.

मी म्हसवडची. माणगंगा माझ्या लहानपणीही बारमाही नव्हती. आपल्या भागात पाऊसच साडेचारशे-पाचशे मिलीमीटर, तोही सप्टेंबरच्या आठ-दहा दिवसांत निम्मा पडून जाणारा. तरी दिवाळीनंतर दोन-तीन महिने ओढे वाहायचे. ते पाणी कुठलं? आपल्याकडे वर दीड-दोन हात माती, खाली मुरूम आणि त्याच्या खाली काळा पाषाण. पावसाचं पाणी मुरमात साठतं आणि तिथून हळूहळू ओढ्यात झिरपतं. पोकलेनने मुरूम चिरत थेट पाषाणापर्यंत चर नेला की दोन्ही बाजूंचं मुरमातलं पाणी एकदम चरात उतरतं. पहिल्या वर्षी जे तुडुंब दिसलं, त्यातलं बरंच पाणी तुमच्याच काठच्या विहिरींचं होतं. ते उघड्यावर आलं, उन्हाने उडालं. वाळू उपसली गेली ते वेगळंच. वाळूच्या पोटात राहिलेलं पाणी ऊन सहजासहजी नेऊ शकत नाही, चरातलं नेतं.

खात्री करायची असेल तर काठच्या पाच-सहा विहिरी निवडा. दिवाळीला आणि गुढीपाडव्याला दोरीला दगड बांधून पाण्याची पातळी मोजा, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहा. ओढ्यापासून लांबच्या दोन विहिरीही त्यात घ्या. काठच्या विहिरी लांबच्यांपेक्षा लवकर उतरत असतील तर चर विहिरी पितोय, एवढं समजायला कुणा तज्ज्ञाची गरज नाही.

आता उपाय. पोकलेन परत आणणारच असाल तर या वेळी खोल जाऊ नका, आडवे जा. उभ्या कापलेल्या काठाला उतार द्या. एक हात उंचीला दोन हात पसारा, जिथे जागा असेल तिथे तीन. यात कुणाची तरी दोन-चार गुंठे जमीन जाते आणि खरी मारामारी तिथे होते, हे मला माहीत आहे. पण तो काठ तसाही दरवर्षी कोसळतोय, जमीन जाणारच आहे. ती मोजून, ठरवून द्यायची की पुराने नेईल तशी जाऊ द्यायची, एवढाच प्रश्न आहे. ग्रामसभेत हे असंच सांगा.

सगळा काठ मात्र सपाट करू नका. वळणाच्या बाहेरच्या बाजूला, जिथे शेजारी शेत नाही, तिथली उभी दरड राहू द्या. नीट पाहिलंत तर वरच्या भागात मुठीएवढी भोकं दिसतील. खाली पांढरी शिंतोडं असतील आणि माशांचे बारीक काटे पडलेले असतील, तर ते खंड्याचं घर. भोकं लहान, जवळजवळ आणि खाली माशीचे, चतुराचे पंख पडलेले असतील तर वेडे राघू. या पक्ष्यांना उभीच दरड लागते, कारण तिथे साप-मुंगूस चढत नाहीत. अशा दरडीला दगडी पिचिंग करून ‘सुशोभित’ केलेली गावं मी पाहिली आहेत. तिथे सुशोभित दगड आहेत, बाकी काही नाही.

तळाला वाळू परत आणायची तर गुडघाभर उंचीचे सैल दगडांचे बांध घाला, सिमेंट नको. पाणी अडवणं हे या बांधाचं काम नाही. पाण्याला धाप लावायची, म्हणजे ते हातातली वाळू खाली टाकतं. खालच्या बांधाचा माथा आणि वरच्या बांधाचा पाया एका पातळीत आला की अंतर बरोबर. मधला भाग कडांपेक्षा वीतभर खाली ठेवा, नाहीतर पूर बांधाला वळसा घालून काठच खाईल. बांधाच्या कडा काठात दोन हात आत घुसवा. दोन पावसाळ्यांनी मागे वाळू-गाळ साचतो, तेव्हा त्यावर आणखी एक थर रचा. सावकाश होतं. या कामाचं उद्घाटन करण्यासारखं काही दिसत नाही, म्हणून ते कुणी करत नाही.

आणि मग झाडं. ओढ्याच्या काठाला तीन पायऱ्या असतात असं समजा. अगदी तळाशी, पुरात बुडणाऱ्या पायरीवर लव्हाळा, वाळा आणि दगडांत शेरणीचं झुडूप. शेरणी पुरात अंग टाकते आणि पाणी ओसरलं की उठते, तिच्या मुळांत दगड अडकून बसतात. मधल्या उतारावर निर्गुडी आणि करंज. निर्गुडीला शेळी सहसा तोंड लावत नाही, माणात याहून मोठी पात्रता कुठली? निर्गुडीची फांदी खोचली तरी जगते, करंजाचं बी मृगात थेट मातीत टोकावं, रोपाची गरजच नाही. वरच्या पायरीवर उंबर, जांभूळ, अर्जुन. जिथे डिसेंबरपर्यंत ओल टिकते अशा मोजक्या ठिकाणी वाळुंजाची अंगठ्याएवढी जाड, हातभर लांब छाटणी दोन-तृतीयांश जमिनीत खोचून पाहा. इतरत्र वाळुंज नको, उगाच मरेल.

बांबू वाईट नाही. पण ओढ्याच्या पात्रात आणि उतारावर एकट्या बांबूची रांग म्हणजे काठ एकाच माणसाच्या भरवशावर सोडणं. घ्या तीन-चारशे रोपं, शेताच्या बांधावर लावा, पैसे होतील. बाकीच्या रोपांऐवजी कंपनीकडे दोन वर्षांच्या राखणदाराचा पगार मागा. देतील की नाही यावरून त्यांना झाडं लावायची आहेत की फोटो, ते कळेल.

नांदूर मधमेश्वरला दरवर्षी पक्षी पाहायला जातो. पाण्यात म्हशी, काठाला गुरं, मधेच मासेमारीची जाळी. रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं पाणथळ म्हणून मान्यता, मिळूनही ही अवस्था! गुरांना पूर्ण बंदी का घालत नाहीत?
– निवृत्त बँक अधिकारी, नाशिक

साहेब, बंदी घालून पाहिली आहे. निफाडला नाही, राजस्थानात, भरतपूरला.

केवलादेवचं ते पाणथळ जेमतेम 29 चौरस किलोमीटरचं, कोरड्या मुलखात संस्थानिकांनी बदकांच्या शिकारीसाठी बांध-कालवे करून तयार केलेलं. 1981मध्ये ते रामसर यादीत गेलं. 1982मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून गुरांना बंदी झाली. शेजारच्या गावांनी विरोध केला, पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली. बंदी टिकली. मग काय झालं? पॅस्पॅलम नावाचं पाणगवत, जे म्हशी वर्षानुवर्षं खाऊन आटोक्यात ठेवत होत्या, ते मोकाट सुटलं. उघडं पाणी बुजत गेलं. बदकांना पोहायला जागा राहिना, माशांची अडचण झाली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने तिथे दहा वर्षं अभ्यास केला आणि म्हशींचं चरणं त्या पाणथळाच्या घडणीचाच भाग होतं, असा निष्कर्ष निघाला. पक्ष्यांसाठी केलेली बंदी पक्ष्यांच्याच मुळावर आली.

पुढे याहून मोठं संकट आलं ते पाण्याचं. गंभीर नदीवरच्या पांचना धरणातून पाणी येणं थांबलं, उद्यान कोरडं पडलं आणि कोरड्या तळात वेडी बाभूळ घुसली. ती उपटायला शेवटी त्याच गावांची मदत घ्यावी लागली. उपटलेलं लाकूड गावाने न्यायचं, या बोलीवर. ज्यांना बाहेर काढलं त्यांनाच आत बोलवावं लागलं.

नांदूर मधमेश्वरचंही मूळ नैसर्गिक नाही. गोदावरी आणि कादवाच्या संगमावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंधारा झाला. तो गाळाने भरला, गाळावर लव्हाळे-पाणकणीस उगवलं, उथळ पाणी पसरलं आणि पक्षी आले. अभियंत्याच्या वहीत ज्याला साठवणक्षमतेचा ऱ्हास म्हणतात, त्याच गाळामुळे 1986ला अभयारण्य झालं आणि 2020मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ. तिथल्या म्हशींपेक्षा मला काळजी आहे ती आवर्तनाची. कालव्याला पाणी सोडलं की उथळ भाग दोन-चार दिवसांत उघडा पडतो, पुन्हा वरून पाणी आलं की बुडतो. चमच्या, शेकाट्या, तुतारी अशा पक्ष्यांना उथळच पाणी लागतं आणि ते हळूहळू उतरावं लागतं. पाणी उतरताना रोज नवी चिखलाची पट्टी उघडी पडते, तेच त्यांचं जेवणाचं ताट. ते एका झटक्यात ओढून घेतलं तर आठवड्याभरात सगळं वाळून जातं. शेतीचं एक थेंबही पाणी न तोडता, आवर्तनाचा वेग आणि तारखा पाहून बरंच जमू शकतं. हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत मांडायचं असतं आणि तिथे पक्षिमित्र कधीच नसतात. तुम्ही निवृत्त आहात, वेळ आहे, आकड्यांची सवय आहे. पुढच्या बैठकीला जाऊन बसा.

म्हशी किती असाव्यात, कुठल्या महिन्यांत असाव्यात, विणीच्या बेटांपासून किती लांब, यावर जरूर बोलावं. ‘पूर्ण’ बंदीवर नाही.

आमच्याकडे उजनीचं पाणी मार्चपासून झपाट्याने मागे जातं. लोक गाळपेर करतात, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पेरतात. उघड्या पडलेल्या बेटांवर नदीसुरयांची घरटी असतात, तिथे कुत्री जातात, फोटोवालेही जातात. पक्ष्यांसाठी पाणी एका पातळीला ठेवावं अशी मागणी करावी का? कायद्याचा काही आधार मिळेल का?
– पक्षिनिरीक्षक तरुण, ता. करमाळा

नको रे बाबा, अशी मागणी चुकूनही करू नकोस.

पाणी एका पातळीला राहिलं तर बेटं उघडीच पडणार नाहीत. नदीसुरय उघड्या वाळूवर, खडीवर अंडी घालतो. छोटा आर्लीही तसाच. त्यांचं घर पाणी मागे गेल्यावरच तयार होतं. कोरड्या प्रदेशातल्या पाणथळाला वाळणं लागतंच. चिखल उघडा पडतो, भेगाळतो, त्यात गवताचं बी रुजतं, हवा शिरते, जुना पालापाचोळा कुजतो आणि पुढच्या पावसात हे सगळं पाण्याखाली गेलं की माशांची पिल्लं त्यावरच वाढतात. बाराही महिने काठोकाठ भरलेला तलाव दिसतो छान, पण पक्ष्यांच्या दृष्टीने तो बऱ्याचदा रिकामा असतो.

उजनीचं नशीब असं की तिच्या सुमारे 117 टीएमसी साठ्यातला 63 टीएमसीहून अधिक साठा ‘मृत’ आहे. मृत म्हणजे कालव्याला न मिळणारा. पक्ष्यांच्या हिशेबात तो अगदी जिवंत. पण दुष्काळात त्यालाही हात घालतात. 2024च्या उन्हाळ्यात धरण उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेलं होतं, तुला आठवत असेलच. अशा वर्षी बेट बेट राहत नाही, काठाला जोडलं जातं आणि कुत्र्यांना रस्ता मिळतो.

म्हणून काम करायचं ते इथे. ज्या बेटांवर घरटी आहेत त्यांची जमिनीकडची मान कुठे अरुंद आहे ते फेब्रुवारीतच पाहून ठेव. गावाची आणि प्रकल्पाच्या कार्यालयाची परवानगी मिळाली तर तिथे एक आडवा चर काढला की पाणी आणखी काही आठवडे मधे राहतं. ते जमलं नाही तर काटेरी फांद्यांचं कुंपण. मच्छीमारांशी आधी बोल. बेटाच्या कुठल्या बाजूला घरटी आहेत हे तुझ्या दुर्बिणीपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं. गाळपेर करणाऱ्यांनाही शत्रू समजू नकोस. घरट्यांची जागा मे अखेरपर्यंत सोडून बाकी पेरा, एवढं ऐकतात लोक, आदराने सांगितलं तर.

फोटोवाले मात्र ऐकत नाहीत, हा माझा अनुभव. पक्षी उठला की अंडी उन्हात. एप्रिलच्या दुपारी वाळू हात टेकवत नाही इतकी तापते, अंडी काही मिनिटांत शिजतात. होडीवाल्या पोरांचीच बैठक घ्या आणि ठरवा की घरट्यांच्या बेटाला होडी लावायची नाही. होडीच मिळाली नाही तर फोटोवाला जाणार कुठे?

कायद्याचं विचारलं आहेस म्हणून सांगते. पाणथळ जागांसाठीचे 2017चे जे नियम आहेत, त्यातून सिंचनासाठी बांधलेले जलाशय वगळलेले आहेत. नदीचं पात्रही वगळलेलं आहे. म्हणजे महाराष्ट्राच्या कोरड्या पट्ट्यात पक्षी जिथे खरोखर आहेत, त्यातली बहुतेक पाणथळं या नियमांत बसतच नाहीत. पक्षी आणि त्यांची अंडी मात्र 1972च्या वन्यजीव कायद्याखाली येतात. अर्ज त्या कलमांवर कर, पाणथळाच्या नियमांवर केलास तर फाइल परत येईल.

तळ्यात शोभेसाठी कमळं लावावीत का?
– वाचक, बार्शी

शोभा हवी असेल तर हौदात लावा. तळ्यात आपणहून आली तर राहू द्या. निम्म्याहून जास्त पाणी झाकलं गेलं की काढा.

टूसॉनमध्ये राहून आम्हाला बारा वर्षं झाली. गावाच्या मधोमध सांताक्रूझ नावाची नदी आहे, म्हणजे वाळूचा पट्टा. अलीकडे त्यात शुद्ध केलेलं सांडपाणी सोडतात आणि थोडं अंतर खरंच नदी वाहते! इथले स्वयंसेवक काठचं टॅमरिस्क नावाचं झाड तोडतात, त्यात मीही जाते. तुमचं सदर आई फोटो काढून पाठवते. वेडी बाभूळ तोडण्याबद्दल तुम्ही लिहिलं होतं, त्यावरून विचारावंसं वाटलं : इथलं काही तिकडे उपयोगी पडेल का?
– वाचक, अ‍ॅरिझोना

आईंना नमस्कार सांगा. आणि एक गंमत ऐका. तुम्ही जे टॅमरिस्क तोडता ते आशिया-युरोपातून तिकडे गेलेलं. त्याचा एक भाऊ, झाऊ, आपल्या दख्खनच्या नद्यांच्या खडकाळ पात्रांत मुळचा आहे, आणि तो टिकावा म्हणून मी इथे भांडते. आमच्याकडची वेडी बाभूळ अमेरिका खंडातली. तिची चुलत बहीण, मेस्कीट, तुमच्या नदीकाठचं हक्काचं झाड, तिची राई परत यावी म्हणून तुमचे स्वयंसेवक रोपं लावत असणार. म्हणजे तुमच्याकडचं तण आमच्याकडे घरचं आणि आमच्याकडच्या तणाची बहीण तुमच्याकडे सून. झाड वाईट नसतं, पत्ता चुकलेला असतो.

उपयोगी पडण्यासारखं भरपूर आहे. टॅमरिस्कचंच घ्या. ते संपवायला 2001पासून तिकडे मध्य आशियातून आणलेले पानं खाणारे भुंगेरे सोडले. भुंगेऱ्यांनी काम चोख केलं. पण तोवर वाळुंजाच्या जातीची मूळ झाडं नाहीशी झाल्यामुळे एक दुर्मीळ माशीमार पक्षी टॅमरिस्कवरच घरटी करायला लागला होता. ऐन विणीत पानं गळून घरटी उघडी पडली. 2010मध्ये सरकारने भुंगेरे सोडण्याचा कार्यक्रम थांबवला. आमच्याकडे वेडी बाभूळ एका दमात साफ करायचं टेंडर निघतं, तेव्हा मी हीच गोष्ट सांगते. बगळे, ढोकरी, पाणकावळे काठावर दुसरं झाड नसेल तर वेड्या बाभळीवरच बसतात आणि घरटीही करतात. आधी करंज-उंबर डोक्याएवढे होऊ द्यावेत, मग शेजारची पट्टी काढावी. आणि काढायची तर जमिनीखाली वीतभर खोल, मुळाच्या गाठीसकट. वरून छाटली तर एकीच्या दहा होतात.

दुसरी गोष्ट कोलोरॅडो नदीची, तुमच्यापासून काही तासांवरची. ती नदी वरच्या धरणांनी आणि कालव्यांनी इतकी पिऊन टाकली की मेक्सिकोत समुद्राला मिळेनाशी झाली. 2012मध्ये दोन्ही देशांनी करार केला आणि 2014च्या मार्च ते मे या काळात मोरेलोस बंधाऱ्यातून मुद्दाम पूर सोडला. सुमारे 13 कोटी घनमीटर पाणी, म्हणजे आमच्या मापाने साडेचार टीएमसीच्या आसपास, उजनीच्या पंचविसाव्या हिश्श्याएवढं. महिने उगाच निवडले नव्हते. कॉटनवूड आणि विलो या नदीकाठच्या झाडांचं कापसासारखं बी तेव्हाच उडतं आणि ते ओल्या उघड्या मातीवर पडलं तरच रुजतं. कोरड्या पात्रात पाणी आल्यावर माणसं पोराबाळांसह नदीत उतरली, नाचली. मे महिन्यात नदी काही काळ समुद्राला मिळालीही.

पण मला महत्त्वाचं वाटतं ते नंतरचं मोजमाप. बहुतेक पाणी पहिल्या साठेक किलोमीटरांतच वाळूत मुरलं. जिथे आधीच टॅमरिस्क काढून जमीन तयार ठेवली होती, उदाहरणार्थ लागुना ग्रांदेला, तिथे देशी रोपं उभी राहिली. जिथे तयारी नव्हती तिथे पाण्याचा फायदा टॅमरिस्कनेही घेतला. मग 2017च्या पुढच्या करारात त्यांनी पाणी वापरण्याची रीतच बदलली. सगळ्या पात्रात पाणी न पसरवता शेतीच्याच कालव्यांतून ते थेट तयार केलेल्या जागांना दिलं. डौल गेला, उपयोग वाढला. आमच्याकडे मात्र नदी ‘पुनरुज्जीवित’ करायची म्हणजे उगमापासून संगमापर्यंत एकाच वर्षात, हा हट्ट सुटत नाही. थोडंच पाणी असेल तर नदीचा चांगला एक-दोन किलोमीटरचा तुकडा निवडावा आणि त्याचं सगळं नीट करावं, एवढं मी तिकडून शिकले.

आणि तुमच्या सांताक्रूझचं कौतुक. शहराने 2019च्या जूनपासून मध्यवस्तीत सोडलेलं पाणी पाहायला लोक येतात, पण त्याआधीच, 2017मध्ये, शहराच्या खालच्या अंगाला गिला टॉपमिनो नावाचा बोटाच्या पेराएवढा मासा परत सापडला होता, सत्तरहून अधिक वर्षांनी. सांडपाणी शुद्ध करण्याची केंद्रं सुधारल्यावर. नदीत पाणी होतंच, स्वच्छ झालं तेव्हा मासा आला. पुढच्या वेळी गेलात तर उथळ, संथ कडेला पाहा, आणि दिसला तर आईंच्या हाती फोटो पाठवा.

गावचं सांडपाणी उघड्या गटारातून थेट नदीत जातं. नळयोजना झाल्यापासून वाढलंच आहे. त्याचंच छोटं पाणथळ करता येईल असं वाचलं. लोकसंख्या दीड हजार. लोक म्हणतात डास होतील.
– ग्रामसेवक, ता. सांगोला

भाऊसाहेब, करता येईल, आणि तुमच्यासारख्या कोरड्या तालुक्यात ते करायलाच हवं. उन्हाळ्यात तुमच्या नदीला मिळणारं एकमेव खात्रीचं पाणी हेच आहे.

हिशेब असा. माणशी 55 लिटर धरले आणि त्यातलं चार-पंचमांश बाहेर पडतं असं मानलं तर दिवसाला सुमारे 66,000 लिटर. आपल्या उष्ण हवेत मोरी-न्हाणीच्या पाण्यासाठी माणशी साधारण एक चौरस मीटर जागा धरायची, म्हणजे पंधरा गुंठे. संडासाचं पाणीही त्यात येत असेल तर जागा दुप्पट धरा आणि आराखडा जाणकार अभियंत्याकडूनच करून घ्या.

गटाराच्या तोंडाशी आधी जाळी, मग गाळ बसायला टाकी. ही टाकी टाळली की सहा महिन्यांत सगळं तुंबतं आणि मग लोक म्हणतात ही पद्धतच फसवी. पैसे वाचवायचे तर कुठेही वाचवा, टाकीत वाचवू नका. पुढे दोन-अडीच फूट खोल, तळाला चिकणमाती नाहीतर प्लास्टिक अंथरलेला, खडीने भरलेला वाफा. तळाला अगदी किंचित उतार. पाणी खडीच्या पोटातून जातं, वर दिसतच नाही, त्यामुळे डासांना अंडी घालायला पाणीच मिळत नाही. हे ग्रामसभेत तोंडाने सांगू नका. प्लास्टिकच्या टबात खडी भरा, पाणी तिच्या खाली चार बोटं ठेवा आणि टब आठ दिवस चावडीसमोर ठेवा. खडीत लावायचं नळ नावाचं उंच गवत आणि पाणकणीस, कडेला कर्दळ. पाणी दोन-तीन दिवस आत राहिलं की बाहेर येताना वास गेलेला असतो. तिथून ते एका उथळ, उघड्या तळ्यात सोडा आणि त्या तळ्यातून नदीत. तळं मात्र उघडं असल्यामुळे तिथे डास होऊ शकतात. त्यासाठी आरोग्य खात्याकडून गप्पी किंवा गंबुसिया मासे आणून सोडायचा मोह होईल. नदीला जोडलेल्या तळ्यात परके मासे सोडू नका. नदीतलेच छोटे मासे, दांडवण वगैरे, मच्छीमारांकडून घेऊन सोडा, तेही अळ्या खातात.

हे पाणी प्यायला नाही आणि पालेभाज्यांनाही नाही. पाटी लावा. चाऱ्याला, झाडांना चालेल. शेजारचा कुणी ना कुणी त्यात मोटर टाकणारच, तेव्हा किती पाणी नदीला आणि किती शेताला हे पहिल्याच ठरावात लिहून घ्या.

पाणकणीस वर्षातून एकदा, फेब्रुवारीत, वीतभर ठेवून कापायचं. कापलेलं गोठ्यात अंथरा नाहीतर खताच्या खड्ड्यात घाला. तिथेच कुजू दिलंत तर जे पाण्यातून काढलं ते परत पाण्यात जाईल. टाकीतला गाळ दिवाळीच्या आधी आणि मे महिन्यात, आणि त्याची मजुरी वित्त आयोगाच्या निधीतून बसते का, हे पंचायत समितीत आत्ताच विचारून ठेवा.